दिवा आपणहून विझला पायजे

पद्माक्कांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या माझ्या गाडीच्या सायलेन्सरपाशी उकिडव्या बसून धुराचा वास घेत होत्या. एका हातानं पदर सावरलेला, दुसऱ्या हाताचा पंजा नळीपुढं धरलेला आणि डोळे मिटलेले. मी गाडीत बसून आरशातून बघत होतो. सकाळचे नऊ वाजत आले होते आणि साडेनऊला मला शाळेत सातवीचा तास होता.

मी मूळचा पाटणचा. तासगावातल्या एका इंग्रजी शाळेत विज्ञान शिकवायला लागलो आणि दर शनिवारी आईवडिलांना भेटायला पाटणला जायचं म्हणून एक जुनी पेट्रोल गाडी घेतली. वर्षभर तिनं कधी कुरकुर केली नाही. मग एके दिवशी समोरच्या काचेखाली इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला आणि विझेना. पीयूसीची मुदत संपायला आठ दिवस उरले होते. सांगलीत एका गॅरेजवाल्यानं छोटं यंत्र जोडून पाच मिनिटांत तो दिवा घालवला आणि सांगितलं, "सर, परत लागायच्या आत पीयूसी काढून घ्या." मी शाळेच्या गडबडीत दोन दिवस लावले, तर दिवा परत हजर. शाळेतल्या शिपायानं मग पत्ता दिला. सांगली रस्त्याला, द्राक्षबागेच्या बांधाला लागून पत्र्याची शेड. बाहेर पाटी, 'प्रदूषण तपासणी केंद्र'. आत एक टेबल, कॉम्प्युटर, धूर मोजायचं यंत्र. बाहेर लिंबाच्या सावलीत खुर्ची टाकून बसलेले एक पांढऱ्या टोपीतले गृहस्थ.

अक्का उठल्या, हात पुसत खिडकीपाशी आल्या.

"बंद करा. आता चावी टाका, पण सुरू करू नका."

मी चावी फिरवली. समोरचे सगळे दिवे लागले. अक्कांनी खिडकीतून डोकं घालून ते एकेक करून पाहिले.

"चावी टाकल्यावर सगळे लागले पायजेत आन् सुरू झाल्यावर सगळे विझले पायजेत," त्या म्हणाल्या. "तुमचा हा एक विझत न्हाई. आधी कुणी पुसलाय व्हय ह्यो?"

"सांगलीत. तुम्हाला कसं कळलं?"

"सगळे तसंच करत्यात. तुमी काय करता?"

"शिक्षक आहे."

"मग सांगा की सर, फळा पुसला म्हणून पोराचं गणित बरोबर येतंय व्हय?"

त्यांनी बॉनेट उघडलं, टॉर्च मारला आणि एकदम हात वर करून म्हणाल्या, "उतरा. हळू. दार आपटू नका."

इंजिनाच्या मागच्या कोपऱ्यात उंदरानं घरटं केलं होतं. बॉनेटच्या आतला कापूस, द्राक्षाची वाळकी पानं, आणि त्यात चक्क सात-आठ बेदाणे साठवून ठेवलेले. मधोमध चार गुलाबी पिल्लं, डोळे न उघडलेली. शेजारून जाणारी एक वायर कुरतडून तांबं उघडं पडलेलं.

"ही बघा. सायलेन्सरातल्या सेन्सरची वायर," अक्का म्हणाल्या. "धुरात किती हवा हाय ते ह्यो सेन्सर कंप्युटरला सांगतो. निरोपच पोचंना, म्हणून गाडी अंदाजानं पेट्रोल ढोसतीय. न जळता बाहेर येतंय, त्योच वास मला आला."

मला वाटलं आता वायर जोडतील. त्यांनी एक रिकामा खोका आणला, त्यात घरटं जसंच्या तसं उचलून ठेवलं आणि शेडमागं बांधावर, वेलीच्या बुडाशी नेऊन ठेवलं. मग येऊन टेबलापाशी बसल्या.

"अक्का, मला तास आहे."

"आई येऊ दे त्यांची. आता हितं हातोडा-पाना वाजवला तर ती बिचारी येनार कशी?"

अक्कांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जैन धर्म. पाणी गाळून प्यायचं, सूर्य मावळायच्या आत जेवायचं, म्हणून साडेपाचला शटर खाली. ते सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं की एका उंदरीसाठी सातवीचा तास बुडणार आहे. सावलीतले गृहस्थ, म्हणजे अक्कांचे यजमान अण्णा, माझ्याकडं पाहून हसले.

"कुठलं म्हणायचं गाव?"

"पाटण."

"पाटण व्हय? पाऊस लय तिकडं."

मी हो म्हटलं. थोड्या वेळानं त्यांनी परत विचारलं, "कुठलं म्हणायचं गाव?" मी परत सांगितलं. उंदरी येऊन पिल्लं एकेक करून उचलून नेईपर्यंत मी पाच वेळा पाटणचा झालो, आणि पाचही वेळा तिकडं पाऊस लय होता. अक्का माझ्याकडं बघत होत्या. मी चिडतोय का, हे त्या बघत होत्या असं आता वाटतं.

वायर त्यांनी अशी जोडली की जोड कुठं आहे ते दिसेना. मी म्हटलं, "आता तेवढा दिवा पुसून टाका, म्हणजे पीयूसी करून जातो."

"मी पुसत न्हाई. दिवा आपणहून विझला पायजे." आणि मग समजावून सांगितलं. सकाळी गाडी गार असताना सुरू करायची. थोडी गावातनं, थोडी मोठ्या रस्त्याला एका लयीत चालवायची. असं तीन-चार दिवस. गाडी आपली आपण तपासून बघते. खोट निघाली नाही की दिवा स्वतः विझवते. "तवा या. मग मशीनला लावू."

अक्का 'मी पुसतो, मी येतो' असंच बोलायच्या, तिकडच्या बायका बोलतात तसं. पाटणच्या माझ्या आईला ते ऐकून फार गंमत वाटायची.

त्या शनिवारी पाटणला जाताना मी कराडला चहाला थांबलो. परत येऊन चावी फिरवली, इंजिन सुरू झालं, सगळे दिवे विझले आणि त्यांच्याबरोबर तो पिवळाही विझला. मी उगाच दोनदा गाडी बंद करून सुरू केली. मग अक्कांना फोन लावला.

"विझला!"

"विझंल की," त्या म्हणाल्या. "चालवताय काय? मग फोन ठेवा आधी."

---

त्यानंतर कारण नसतानाही मी त्या शेडवर जाऊन बसायला लागलो. शाळा सुटल्यावर तासभर. अक्कांचं काम बघण्यात एक समाधान होतं. पुस्तकातलं ज्वलन मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो. ते बोटाला काजळी लागून कसं दिसतं, ते इथं दिसत होतं. काजळी कोरडी असली तर एक अर्थ, तेलकट असली तर दुसरा. त्या बोट नळीच्या आतून फिरवायच्या, अंगठ्यानं चोळून बघायच्या आणि मगच यंत्राची नळी आत सरकवायच्या.

मी एकदा विचारलं, "यंत्र आहे ना? मग हे सगळं कशाला?"

"मशीन खोटं बोलत न्हाई सर. पण अर्धंच बोलतं."

बारावीपर्यंत शिकलेल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा घरची द्राक्षबाग आणि अण्णांचं गॅरेज. पुढं अण्णांना काम जमेनासं झालं तेव्हा सांगलीला जाऊन त्यांनी तपासणी केंद्राचं प्रशिक्षण घेतलं. वर्गात त्या एकट्याच बाई. शिकवणाऱ्यानं विचारलं म्हणे, "तुम्ही कुणाबरोबर आलाय?" अक्का म्हणाल्या, "गाडीबरोबर. बाहेर लावलीय."

गाडी न आणता दाखला मागणारे रोज एक-दोन तरी यायचे. एकदा एक तरुण दुसऱ्याच मोटरसायकलवर आपल्या गाडीची नंबरप्लेट तारेनं बांधून घेऊन आला. दाखल्यासाठी काढतात त्या फोटोत नंबर दिसला की झालं, असा त्याचा हिशेब. अक्कांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, तार बघितली.

"तुझी गाडी कुठाय?"

"घरी हाय अक्का. सुरू होत न्हाई."

"मग तिचा धूर घरी निघंना, आन् सर्टिफिकेट हितं काढायचं व्हय? प्लेटीतनं धूर येत न्हाई बाळा."

तो ओशाळून हसला. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी पान्याची पिशवी उचलली आणि त्याच्याच मागं बसून त्याच्या घरी गेल्या, गाडी सुरू करून द्यायला.

त्या चुकत नव्हत्या असं नाही. तोंड फटकळ होतं, आणि एकदा मनात धरलं की ऐकून घ्यायच्या नाहीत. कवठे महांकाळकडच्या एका धनगर शेतकऱ्याची डिझेल पिकअप होती. तो त्यातून मेंढ्या बाजाराला न्यायचा. त्याचा दिवा लागला होता आणि धूर काळा. अक्कांनी ठामपणे एका सेन्सरचं नाव घेतलं. तो म्हणत होता, "अक्का, गाडी दम लागल्यागत करतीय बगा," पण अक्कांनी ते कानाआड केलं. त्यानं नवा सेन्सर बसवून आणला आणि जुना अक्कांकडं ठेवून गेला. आठवड्यानं दिवा परत लागल्याचा त्याचा फोन आला.

त्या दिवशी मी शेडवर होतो. अक्कांनी फोन ठेवला आणि साडेपाच वाजायच्या आधीच शटर ओढलं. दुसऱ्या दिवशी केंद्राला कुलूप होतं. नंतर त्या शेतकऱ्यानंच मला सांगितलं. भर दुपारी एसटीतून उतरून, हत्याराची पिशवी खांद्याला लावून अक्का त्याच्या वस्तीपर्यंत चालत गेल्या होत्या. त्यानं घाबरून पाणी आणलं.

"आवं अक्का, फोन केला असता तर मीच आलो असतो की गाडी घेऊन."

"चूक मी केली, आन् हेलपाटा तुमी घालायचा व्हय?" अक्का म्हणाल्या. "तुमी दम लागतोय म्हणत हुता. मी ऐकलं न्हाई."

हवा आत घेणारी नळी त्यांनी उघडली. फिल्टरच्या अलीकडं मेंढ्यांच्या लोकरीचा आणि धुळीचा असा बोळा बसला होता की गाडीला खरंच श्वास घेता येत नव्हता. ते साफ केलं, आणि काढून टाकलेला जुना सेन्सर, जो बिचारा धड होता, तो परत त्याच्या हातात दिला. "ह्यो जपून ठेवा. ह्याचा काय दोष नव्हता."

---

आता सांगतो ती गोष्ट डिसेंबरातली. माझ्या गाडीच्या दाखल्याला वर्ष होत आलं होतं, म्हणून शाळेआधी आठ वाजताच मी शेडवर गेलो होतो. थंडी चांगलीच होती. अण्णा उन्हात खुर्ची ओढून मफलर गुंडाळून बसले होते.

तेवढ्यात आमच्या शाळेची मुलं आणणारी एक व्हॅन येऊन थांबली. चालक तानाजी, चाळिशीचा, कष्टाळू माणूस. गाडी त्याची स्वतःचीच, शाळेला लावलेली. आत आठ मुलं, सगळ्या काचा बंद. दुसऱ्या दिवशी शाळेच्या गाड्यांची कागदपत्रं तपासणार होते आणि तानाजीच्या पीयूसीची मुदत संपली होती.

"अक्का, लवकर करा. पोरांना सोडायचंय."

"चावी टाक. सुरू करू नको."

त्यानं चावी टाकली. अक्कांनी खिडकीतून दिवे बघितले आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. एक दिवा लागलाच नव्हता. त्यांनी हात आत घालून काचेवरून बोट फिरवलं. पिवळ्या दिव्याच्या जागेवर काळी चिकटपट्टी नीट कापून लावली होती.

"हे कुणी केलं?"

"मीच," तानाजी खाली बघत म्हणाला. "दोन महिनं झालं दिवा लागलाय. पालक बगत्यात, विचारत्यात. गाडीला काय झालं न्हाई अक्का, मस्त चालतीय. तुमी धूर बगा, दिव्याचं आन् धुराचं काय?"

नियम त्याच्या बाजूनं होता. तपासणीत फक्त नळीतून निघणारा धूर मोजतात. अक्कांनी यंत्र लावलं. मी पडद्याकडं बघत होतो. आकडे मर्यादेच्या आतच आले. प्रिंटरमधून दाखला बाहेर आला. अक्कांनी तो हातात घेतला, पण तानाजीला दिला नाही. त्या पडद्याकडं बघत नव्हत्या. व्हॅनमध्ये, चालकाच्या मागच्या सीटवर, काचेला डोकं टेकून बसलेल्या मुलीकडं बघत होत्या.

ती दुसरीतली स्वरा. डोळे मिटलेले, गाल थंडीनं व्हावेत तसे लाल.

"झोपलीय व्हय?"

"रोज झोपती अक्का," तानाजी म्हणाला. "सकाळची शाळा, पोरं पेंगत्यात."

अक्कांनी दार सरकवलं, डोकं आत घातलं आणि एकच श्वास घेतला. मग त्यांचा असा आवाज आला की लिंबावरची पाखरं उडाली.

"सगळी खाली उतरा! उन्हात पळा! सर, धरा हिला!"

मी स्वराला उचललं. ती कापडासारखी लोळत होती. हाक मारली तर डोळे किलकिले करायची आणि परत मिटायची. अंगणात मोकळ्यावर आडवं केलं तेव्हा तिला उलटी झाली. अक्कांनी तिचं तोंड पुसलं, व्हॅनची चावी काढून कमरेला खोचली, आणि माझ्या गाडीत मागं तिला मांडीवर घेऊन बसल्या. "चारी काचा खाली घ्या. गारठली तर गारठू दे."

जाताना अण्णांना एवढंच म्हणाल्या, "आवो, पोरांना उन्हातच बसवा. कुणाला आत जाऊ देऊ नका."

दवाखान्यात डॉक्टरांनी लगेच ऑक्सिजन लावला. धुराला वास असतो, पण त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास; तो विषारी वायू रक्तात भिनला होता. वेळेवर आणलंत, म्हणाले. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. तीनच आठवड्यांपूर्वी स्वराची आई मला भेटून गेली होती. "सर, ही शाळेत पोचली की डोकं दुखतं म्हणते, घरी आली की बरी असते." आणि मी, विज्ञानाचा शिक्षक, तिला म्हणालो होतो, "सकाळी उपाशी पाठवू नका."

हे मी अक्कांना सांगितलं. त्यांनी मला धीर दिला नाही. त्या भिंतीकडं बघत बोलायला लागल्या.

"अण्णांचं असंच झालं. पावसाचे दिवस हुते. शटर निम्मं ओढून आत गाडी सुरू ठेवून काम करत हुते. मी चहा घेऊन गेलो. बघतो तर टायरला टेकून बसलेले, डोळे मिटलेले. गाल असेच लाल. मला वाटलं, दमलेत. लागला डोळा तर लागू दे. चहा झाकून ठिवला आन् पाऊस आत येतोय म्हणून शटर पुरतं खाली ओढलं."

आतून नर्सचा आवाज आला, स्वरा पाणी मागत होती.

"अर्धा तास," अक्का म्हणाल्या. "अर्धा तास मी त्यांना झोपू दिलं, सर. जगले, पण ते तुमाला गाव विचारत्यात न्हवं सारखं सारखं, ते तवापासनं."

आम्ही परत आलो तेव्हा दुपार झाली होती. स्वरा आईजवळ उठून बसली होती, धोका टळला होता. शेडवर अण्णांनी सातही मुलांना बांधावर ओळीनं बसवून ओंजळ ओंजळ बेदाणे दिले होते आणि प्रत्येकाला गाव विचारत होते. मुलांना तो खेळ वाटत होता, दर खेपेला ती वेगळंच गाव सांगत होती. मोठी माणसं मात्र जमली होती, आणि ती खेळात नव्हती. चिकटपट्टीची बातमी सगळ्यांना कळली होती. तानाजी शेडच्या खांबाला पाठ लावून उभा होता. स्वराच्या चुलत्यानं त्याची गचांडी धरली आणि हात उगारला.

अक्का मधे शिरल्या. ओरडल्या नाहीत. तानाजीकडंच बघून विचारलं, "तानाजी, तुझं डोकं कवापासनं दुखतंय?"

तो गोंधळला.

"सांग की. दुखतंय न्हवं?"

"दोन-अडीच महिनं झालं," तानाजी हळू म्हणाला. "मळमळतं. मला वाटलं तंबाखूनं. सोडली बी. तरी दुखतंय."

"पोरं तासभर बसत्यात त्या गाडीत," अक्का चुलत्याला म्हणाल्या. "ह्यो तिन्ही खेपा बसतोय, सकाळ-दुपार-संध्याकाळ. इंजिन ह्याच्याच बुडाखाली हाय. पट्टी लावली ती चूक केली, लय मोठी चूक केली. ते त्याला मी सांगतो. पण मारायचं आसंल तर आधी दवाखान्यात न्या, मग मारा."

चुलत्याचा हात खाली आला. मला तानाजीचा चेहरा आठवतो. मार चुकला म्हणून सुटका झालेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता. त्यानं खांब धरला, खाली बसला आणि गुडघ्यांत तोंड घालून रडायला लागला. "माझी बी पोरगी त्याच शाळेत हाय ओ," तो म्हणत होता, "रविवारी त्याच गाडीतनं फिरवतो तिला."

अक्कांनी पालकांना व्हॅनभोवती बोलावलं. पुढचं सीट उचललं, खालचं इंजिन उघडं केलं. सायलेन्सरचं तोंड फडक्यानं दाबून धरायला मला सांगितलं, इंजिन क्षणभर सुरू केलं आणि वरच्या जोडावर साबणाचं पाणी शिंपडलं. एका बारीक चिरेतून फसफस करत बुडबुडे निघाले.

"हितनं धूर गाडीत येतोय. आन् हितनंच बाहेरची हवा आत शिरतीय. सेन्सरला वाटतंय पेट्रोल कमी पडतंय, म्हणून कंप्युटर जास्त सोडतोय. म्हणजे विष वाढतंय. आन् मागं मशीन लावलं तर हवा मिसळल्यामुळं आकडा बरा दिसतोय. म्हणून मशीन पास म्हणालं." त्यांनी चिकटपट्टी नखानं काढून चुलत्याच्या हातावर ठेवली. "हे सगळं ह्यो दिवा दोन महिनं सांगत हुता."

मग ब्लाऊजच्या बाहीत खोचलेला सकाळचा दाखला काढून त्यांनी तानाजीला दिला. "ह्यो तुझा हाय. नियमानं पास झालास. चावी मात्र माझ्याकडं राहील."

दोन दिवस खपून त्यांनीच ती व्हॅन दुरुस्त केली, आणि तिसऱ्या दिवशी तानाजीच्या शेजारच्या सीटवर बसून सगळ्या काचा लावून तासभर फिरून आल्या. उतरल्यावर म्हणाल्या, "माझं डोकं दुखलं न्हाई. घेऊन जा पोरांना."

शाळेनं मग सगळ्या व्हॅन तपासून घेतल्या. आणखी दोघांच्या दिव्यावर पट्टी निघाली. संस्थेनं अक्कांचा सत्कार ठेवला. त्या आल्या, नारळ घेतला, आणि माईकवरून मुलांना एवढंच म्हणाल्या, "गाडीत बसलं की झोप आली, डोकं दुखलं, तर गप बसायचं न्हाई. काच उघडायची आन् ओरडायचं. कुणी गप म्हटलं तर आणखी मोठ्यानं ओरडायचं." पुढं कित्येक दिवस आमच्या शाळेच्या व्हॅनमधून भर थंडीत ओरडणारी पोरं येत होती. तानाजी सगळ्यात आधी काच खाली करायचा. त्यानं स्वराच्या घरी जाऊन माफी मागितली. तिच्या आईनं त्याला आत बोलावलं, पण बोलली नाही. सहा महिन्यांनी स्वरा परत त्याच्याच व्हॅनमध्ये बसायला लागली, ती मात्र स्वतःच्या हट्टानं.

---

दोन वर्षांपूर्वी वडिलांच्या तब्येतीमुळं मी पाटणला परत आलो. तासगावची नोकरी सोडली त्या आठवड्यात अक्कांना भेटायला गेलो, तेव्हा शेडवर कुणीतरी विजेची स्कूटर लावून गप्पा मारत बसला होता. तो गमतीनं म्हणाला, "अक्का, आता सगळ्या गाड्या विजेच्या होणार. तुमचं दुकान बंद."

"होऊ दे की," अक्का म्हणाल्या. "बंद पडावं म्हणूनच तर उघडलंय."

या वर्षी एका लग्नाला तासगावला गेलो होतो. गाडी नेली नव्हती, म्हणून परतताना सांगलीला जायला वाटेत माणसं भरत नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये बसलो. जीप माणसांनी भरलेली, मी मागच्या बाजूला दाटीवाटीनं. शेडजवळ माणूस उतरवायला ती थांबली. चालकानं इंजिन चालूच ठेवलं होतं आणि मागून काळा धूर येत होता. शेडमधून अक्का बाहेर आल्या. केस पुरते पांढरे झालेले, चाल तीच. रस्ता ओलांडून सरळ चालकाच्या खिडकीपाशी गेल्या आणि काहीतरी म्हणाल्या. चालकानं आधी मान झटकली. अक्का हलल्या नाहीत. मग इंजिन बंद झालं. एकदम शांत झालं आणि आम्हा दहा-बारा माणसांना कळलं की इतका वेळ आपण किती मोठ्यानं बोलत होतो.

"सोमवारी घेऊन ये," अक्का त्याला सांगत होत्या. "मी हितंच हाय."

मी मागून हाक मारली. "अक्का!" माणसांच्या डोक्यांमधून त्यांनी डोळ्यांवर हात धरून बघितलं. ओळखलं की नाही, कळलं नाही. तेवढ्यात जीप सुरू झाली आणि निघाली. मी मागच्या उघड्या बाजूनं बघत राहिलो. अक्का रस्त्याच्या कडेला पदर नाकाला लावून उभ्या होत्या आणि दुसरा हात वर करून हलवत होत्या. तो मला निरोप होता, की चालकाला 'पेडल हळू दाब' म्हणून खूण होती, ते ठरवायच्या आत जीप वळणावर वळली.